एका दमात अकरा पाहुणे

माझा माईक आजवर दोघांनीच माझ्या हातातून हिसकावून घेतलाय. एक पोलीस आणि दुसरे जॉबर. पोलिसांनी दुसऱ्या दिवशी परत तरी दिला. जॉबरनी तेवीस वर्षं दिला नाही.

माझा धंदा साउंड सर्व्हिसचा. मूळचा मी दुधनीचा, घरची शेती, आईशी बोलणं कानडीतनं. सोलापुरात आलो तेव्हा दोन कर्णे आणि एक ॲम्प्लिफायर एवढ्या भांडवलावर दुकान टाकलं. पहिलं मोठं लग्न मिळालं ते जॉबरांच्या गल्लीतलं. मी आपला "हॅलो हॅलो, माईक टेस्टिंग, वन टू थ्री" करतोय, तेवढ्यात पांढरा शर्ट, पांढरी पँट, खांद्यावर टॉवेल असा एक उंच माणूस मांडवात शिरला. सरळ माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"कोण बोललं का परत हॅलो?"

"नाही."

"मग कशाला ओरडतोस? आण हिकडं."

माईक गेला. मी बटणांपाशी उरलो आणि तिथंच राहिलो. नाव-गाव विचारलं त्यांनी, पण नाव काही लक्षात ठेवलं नाही. मी 'दुधनी' झालो तो कायमचा. जॉबर हेही त्यांचं नाव नव्हे, ते त्यांचं काम. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात माग बिघडला की तो दुरुस्त करणारा माणूस म्हणजे जॉबर. गल्लीत तीन जॉबर होते, पण नुसतं 'जॉबर' म्हटलं की हेच.

लग्नात माईकवर बोलणं हा त्यांचा छंद. कुणाला पत्त्यांचा असतो, कुणाला कबुतरांचा, यांना हा. बोलायला कुणी सांगितलेलं नसायचं. पत्रिका आली की हे अकराला हॉलवर हजर. पाहुणा दारातून आत आला रे आला की त्याचं नाव, गाव, कूळ, आणि त्यानं आयुष्यात काय काय करून ठेवलंय ते सगळं माईकवरून. तेही श्वास न घेता. एका दमात अकरा पाहुणे घेतलेले मी स्वतः मोजलेत. आणि पाहुण्यांची प्रतवारी त्यांची ते ठरवायचे.

"आत्ताच आगमन झालेलं हाय, ज्यांनी तीस वर्षं टॉवेल विणले आन घरी जुन्या लुगड्यानं आंग पुसलं, असे आमचे दोस्त! सगळ्यांनी उठून मान द्यावा!" असं म्हटलं की दारात एक फाटक्या चपलेचा माणूस लाजून उभा असायचा, आणि चारशे लोक खरंच उठायचे.

त्या पहिल्याच लग्नात नगरसेवक आले. मागं पंधरा कार्यकर्ते. जॉबरनी त्यांच्याकडं बघितलं आणि म्हणाले, "डाव्या कोपऱ्यात खुर्च्या रिकाम्या हायत. बसून घ्या."

शिव्या मला बसल्या. माईक माझा ना!

आहेराला टॉवेल-टोपी द्यायची आपल्याकडं पद्धत आहे. तिथं तर जॉबरांना चेवच यायचा. व्याह्यांना दिलेला टॉवेल मध्येच अडवायचे, उजेडाला धरायचे, काठ चिमटीत घेऊन बघायचे आणि निकाल सांगायचे. "ह्यो टॉवेल पाणी पीत न्हाय. ह्यानं आंग पुसू नये, मोटरसायकल पुसावी." एकदा दोन घरांत त्यावरून बोलाचाली झाली. मी वायर गुंडाळायला घेतली. जॉबरनी दोन्ही व्याह्यांना स्टेजवर बोलावलं, दोघांच्या खांद्यावर तोच टॉवेल अर्धा अर्धा टाकला आणि म्हणाले, "आता तुमी दोघं मिळून वाईट हाय." लोक हसले, व्याहीसुद्धा हसले, आणि जेवायला बसले.

शेवट मात्र ठरलेला असायचा. माईक खाली ठेवण्याआधी हे एक वाक्य यायचंच: "जेवल्याशिवाय जाऊ नये, आन जेवल्यावर उगंच थांबू नये!" दुसऱ्याच्या लग्नातल्या पाहुण्यांना हाकलायचा अधिकार यांना कुणी दिला होता कोण जाणे. पण लोक उठायचे.

वेळेच्या बाबतीतही असंच. त्यांच्यात मुहूर्त बघत नाहीत. बुद्धवंदना, त्रिशरण, पंचशील, फुलांच्या पाकळ्या, झालं लग्न. आमच्यात पंचांग बघून बारा चाळीसचा मुहूर्त काढतात आणि लग्न तीनला लावतात. जॉबर मला नेहमी चिडवायचे, "दुधनी, तुमच्या ग्रहांना घड्याळ न्हाय व्हय रे?"

एकदा त्यांनी कारखान्यात बोलावलं म्हणून मी गेलो. आत पाऊल टाकलं आणि कान बंद झाले. साठ माग एकदम चाललेले, स्वतःचं बोलणं स्वतःला ऐकू येईना. हवेत सुताची बारीक धूळ, सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या. जॉबर एका मागावर वाकलेले होते. त्यांनी मान वर केली, पलीकडं चार माग सोडून उभ्या असलेल्या एका माणसाकडं बघून नुसते ओठ हलवले. आवाज नाही काही नाही. त्या माणसानंही ओठ हलवले, आणि दोघं माझ्याकडं बघून खदाखदा हसायला लागले. बाहेर आल्यावर मी विचारलं तर म्हणाले, "त्यो इचारत होता कोण हाय, मी म्हणलो आमचा पाळलेला हाय." मागाच्या गोंगाटात सगळे असेच बोलायचे, ओठांवरून. आयुष्यभर. जोरात बोलायचं ते फक्त बाहेर आल्यावर, आणि तेव्हा कान गेलेले असायचे म्हणून सगळेच ओरडून बोलायचे.

त्याच दिवशी दारात त्यांची धाकटी लेक डबा घेऊन उभी होती. असेल नऊ-दहा वर्षांची. तिनं लांबूनच ओठ हलवले. जॉबरनी हलवले. तिनं मान हलवून नाही म्हटलं. जॉबर हात पुसत बाहेर आले, डबा उघडला, आणि आधी तिला पायरीवर बसवून भाकरी आणि शेंगांची चटणी खायला लावली. उरलं ते स्वतः खाल्लं.

"काय म्हणत होतात?" मी विचारलं.

"जेवली का, असं इचारलं. न्हाय म्हणली. उपाशी पोरगी डबा घेऊन चालत येती, आन बाप तिच्यापुढं बसून खाणार? लाज वाटंल की."

मोठा झालेला आवाज लहान कसा होतो ते सगळ्यांच्या आधी मला कळलं. डॉक्टरच्याही आधी. माझ्या मशीनवर जॉबरांच्या माईकचं एक काळं बटण होतं. सुरुवातीची कितीतरी वर्षं ते दोनवर ठेवलं की भागायचं. दोनच्या वर नेलं तर लहान पोरं रडायची. मग एका हंगामात तीन लागले. पुढच्या हंगामात चार. मला वाटलं ॲम्प्लिफायर गेला. नवीन घेतला. नव्या मशीनवर पाच लागले. पाहुणेही मोजले मी. एका दमात अकरा घेणारा माणूस सहावर येऊन थांबत होता आणि मध्येच टॉवेल तोंडाला लावत होता.

मी म्हटलं, "जॉबर, छातीचा फोटो काढून घ्या."

"तुझं मशीन बोगस हाय," ते म्हणाले.

शेवटी त्यांच्या बायकोनं, वहिनींनी, डॉक्टरकडं धरून नेलं. फुप्फुसं आक्रसली होती. सुताची धूळ, तीस-पस्तीस वर्षांची. डॉक्टर गंभीर होऊन समजावत होते, बरं होणार नाही, पण सांभाळलं तर बरेच दिवस काढता येतील, वगैरे. जॉबर सगळं ऐकून म्हणाले, "आत कापूसच हाय म्हणता तर पिंजून काढा की डॉक्टर. गादी करू." डॉक्टरांना हसावं की रागवावं कळेना. वहिनी मात्र बाहेर आल्यावर बाकावर बसून रडल्या. मी पण तिथंच होतो. मी चहा आणला.

मग घरी ऑक्सिजनचं मशीन आलं. रात्रंदिवस घुर्रर्र चालायचं. साठ मागांत आयुष्य काढलेल्या माणसाला त्या एका मशीनचा आवाज सहन होईना! "ह्याच्या आत कायतरी सैल हाय," रोज हेच. धाकटी तोवर नर्स झाली होती. एक दिवस ती ड्युटीवरून घरी आली तर मशीन वर्तमानपत्रावर उघडून पडलेलं, स्क्रू वाटीत मोजून ठेवलेले, आणि बाप ओठ निळे पडलेले असताना हातात पाना घेऊन खुशीत बसलेला.

"पप्पा! अहो काय केलंत हे!"

"आवाज गेला की," जॉबर म्हणाले, दम लागत लागत. "आता बंद हाय म्हणून वाटत असंल तुला, पण लावल्यावर बी येणार न्हाय. बघ."

तिनं आधी कोपऱ्यातलं भरलेलं सिलिंडर ओढत आणलं, नळी नाकाला लावली आणि मग अर्धा तास जे काही ऐकवलं ते गल्लीच्या टोकापर्यंत गेलं. जॉबर शांत ऐकत होते. नंतर मला म्हणाले, "पोरीचा आवाज बघितला? दोनवर चालंल."

आणि खरं सांगायचं तर मशीन पुन्हा जोडल्यावर आवाज गेला होता.

श्वासाच्या व्यायामाला तीन गोळ्यांचं एक प्लास्टिकचं यंत्र मिळतं. नळीतनं ओढायचं, गोळे वर जातात. जॉबरनी त्याची कुस्ती केली. समोर नातू. नातवाचे तिन्ही गोळे टणाटण वर, आजोबांचा एक, कधी दीड. मी सकाळी दुकान उघडताना फोन यायचा, "दुधनी, आज दीड!" आणि ठेवून द्यायचे, कारण पुढं बोलायला दम नसायचा. धाकट्या नातवाच्या नामकरणाला ते नळी नाकात घेऊनच माईकवर बसले. बटण सातवर. एका दमात तीन पाहुणे. मध्येच खोकल्याची उबळ आली ती संपेपर्यंत सगळा मांडव ऐकत राहिला. संपल्यावर म्हणाले, "ह्यो खोकला आमच्याकडून बाळाला सप्रेम भेट." हसू आलं, पण त्या दिवशी घरी आल्यावर मला जेवण गेलं नाही.

मग धाकटीचं लग्न ठरलं.

तिनं अट घातली. बापाला नाही, नवऱ्याला नाही, अख्ख्या घराला. "पप्पांनी माझ्या लग्नात माईकला हात लावायचा नाही. तोंडातून आवाज काढायचा नाही. मला लग्नाच्या दिवशी हॉस्पिटलात जायचं नाहीये." मला फोन करून वेगळं बजावलं, "काका, तुम्ही माईक दिलात तर मी तुमच्याशी बोलणार नाही." तिचं बरोबर होतं. आठवड्यापूर्वीच जॉबरना संडासातून परत येताना दोनदा बसावं लागलं होतं. जॉबरनी वचन दिलं. वहिनींसमोर, भिंतीवरच्या दोन्ही तसबिरींसमोर दिलं.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या दुकानात आले. तीन पायऱ्या. तिन्हींवर थांबले. स्टुलावर बसले आणि बराच वेळ नुसता श्वास घेत राहिले. मी पंखा वाढवला.

"दुधनी," ते म्हणाले, "गल्लीतल्या... किती पोरींच्या लग्नात बोललो मी?"

"दोनशे तरी असतील."

"आन माझ्या पोरीच्या लग्नात... मुका बसू व्हय?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी तो माणूस तेवीस वर्षं बघत होतो, पाणी पहिल्यांदा बघितलं. तेवीस वर्षांत पहिल्यांदाच मला त्यांचा राग आला नाही. पण वचन वचन होतं आणि बटण नऊच्या वर गेलं की बॉक्स शिट्टी मारतात, हेही मला माहीत होतं. त्यांचा आवाज तेव्हा नऊवरही नीट ऐकू येत नव्हता.

"वचन दिलंय तुम्ही."

"पाळणार की. आवाज काढणार न्हाय." आणि त्यांचा चेहरा एकदम बदलला. चेहऱ्यावर ते नगरसेवकाला कोपऱ्यात बसवतानाचं हसू आलं. "तू एकच कर. पुढची रांग... कारखान्यातल्यांना ठेव. आन एक माईक त्यांच्या हातात दे."

लग्नाच्या दिवशी स्टेजच्या बाजूला जॉबरांची खुर्ची, शेजारी सिलिंडर, नाकात नळी, अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. समोर पहिल्या रांगेत कारखान्यातले बारा म्हातारे. सगळे निम्मे बहिरे. पहिला पाहुणा दारात आला. जॉबरनी मान फिरवली आणि नुसते ओठ हलवले. आवाज नाही काही नाही. रांगेतला माईकवाला म्हातारा उठला आणि छत उडेल अशा आवाजात ओरडला, "आत्ताच आगमन झालेलं हाय, मुलीचे मामा! ज्यांनी लहानपणी हिला सायकल शिकवतो म्हणून नाल्यात पाडलं!"

हॉल फुटला. दुसरा पाहुणा, तिसरा पाहुणा. जॉबर ओठ हलवायचे, म्हातारे वाचायचे. एकाला दिसलं नाही तर दुसरा सांगायचा. एकानं मध्ये स्वतःच्या मनाचं काहीतरी घुसडलं, तर जॉबरनी तिथूनच ओठांनी झापलं, आणि त्या शहाण्यानं तेही माईकवर वाचलं: "गप बस म्हातारड्या, पुढचं वाच!"

धाकटी पांढऱ्या साडीत स्टेजवर. आधी तिचे डोळे मोठे झाले. मग तिनंही ओठ हलवले. तिला ती बोली लहानपणापासून यायची. आणि तेवीस वर्षं बटणापाशी बसून त्यांच्या तोंडाकडं बघत आलेल्या मलाही थोडीफार यायला लागली होती.

"पप्पा, वचन!"

जॉबरनी दोन्ही तळहात वर केले. "आवाज काढला का?"

ती हसली. रडलीसुद्धा. भंतेजी आले, वंदना झाली, पाकळ्या पडल्या, लग्न अगदी वेळेवर लागलं. जॉबरांचं सगळं बोलणं दम न लागता पार पडलं होतं आणि मी मनातल्या मनात सुटकेचा निःश्वास टाकला.

पण मग फोटो सुरू झाले. साडेबाराचे दीड झाले, दीडचे अडीच. नवरदेवाच्या काकांनी जाहीर करायला सांगितलं की नगरसेवकसाहेब आलेत, पहिली पंगत मान्यवरांची. साहेब कार्यकर्त्यांसह जेवणाच्या दारात उभे होतेच. जॉबर तिकडं बघतच नव्हते. ते स्टेजकडं बघत होते. त्यांनी ओठ हलवले. मी वाचलं. कारखान्याच्या दारातलं तेच.

"जेवली?"

धाकटीनं हळूच मान हलवली. नाही. सकाळपासून काही नाही.

जॉबरनी माझ्याकडं बघितलं आणि अंगठा वरच्या दिशेनं फिरवला. बटण. मी मान हलवून नाही म्हटलं. त्यांनी परत फिरवला. आणि मग हात पसरला, माईकसाठी.

मी दिला. धाकटी माझ्याशी बोलली नसती तरी चाललं असतं. मी बाकीचे सगळे माईक बंद केले, बटण सात, आठ, नऊवर नेलं. बॉक्स कुईं करायला लागले. पहिल्या रांगेतले बारा म्हातारे उठून हॉलकडं तोंड करून उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हात खाली दाबले. अख्खा हॉल गप्प झाला. सोलापुरातल्या लग्नात सहाशे माणसं गप्प! मी बटण आणखी जरासं पुढं सरकवलं आणि तिथंच बोटानं दाबून धरलं. बॉक्समधून आधी नुसता श्वास आला. आत. बाहेर. आत.

"माझी पोरगी," जॉबर म्हणाले.

श्वास.

"सकाळपास्नं... उपाशी हाय."

श्वास. लांब.

"पयली पंगत... तिची."

माईक त्यांच्या मांडीवर पडला. मी बटण खाली ओढलं. साहेब दारातून बाजूला झाले, काय करतील बिचारे! धाकटी साडी सावरत स्टेजवरून धावत उतरली, बापाची नळी नीट केली, सिलिंडरचा काटा बघितला, नाडी धरली. मग ओठ हलवले, "मोडलंत ना वचन?"

"मोडलं," जॉबरांचे ओठ म्हणाले.

त्यांना जेवणाच्या हॉलपर्यंत चालवेना. म्हणून पहिली पंगत स्टेजखाली सिलिंडरशेजारी बसली. नवरी, नवरा, वहिनी आणि जॉबर. धाकटीनं पहिला घास त्यांना भरवायला उचलला तर त्यांनी तोंड फिरवलं आणि तिच्याकडं बोट केलं. ती जेवली तेव्हाच ते जेवले. वरण-भात, आणि चोरून अर्धी बुंदी.

त्यानंतर साडेचार महिने होते ते.

पण त्या दिवशीचं राहिलं. सगळ्या पंगती उठल्यावर पहिल्या रांगेतला म्हातारा माईक घेऊन तयार उभा राहिला. शेवटचं वाक्य सगळ्यांना पाठ होतं. पोरांनी चपला शोधायला घेतल्या होत्या. जॉबरनी ओठ हलवले. म्हातारा ओरडला, "जेवल्याशिवाय जाऊ नये!"

आणि थांबला. ओठ नीट दिसावेत म्हणून पुढं वाकला. जॉबरनी परत हलवले. म्हाताऱ्यानं माझ्याकडं बघितलं, बरोबर वाचलं का म्हणून. मी पण तेच वाचलं होतं. मी मान डोलावली.

"आन जेवल्यावर," म्हातारा म्हणाला, आणि ह्या वेळी तो ओरडला नाही, "थोडं थांबा की."

हॉल आम्हाला चारपर्यंतच दिलेला होता. साडेसहापर्यंत कुणी उठलं नाही.